बंद घरातला आंबेमोहोर

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची निम्मी झाडं सरकारदरबारी जेवढी जाड आहेत, तेवढी ती माझ्या छातीमुळे आहेत. ही बढाई नव्हे. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. ती उंची किती हे नियमात आकड्यानं दिलेलं असतं, पण भर उन्हात मुंग्यांच्या रांगेत उभं राहून आकडे कोण बघत बसतो? झाडाला छाती टेकवायची आणि टेप फिरवायचा. मी ताडमाड. आमचे पाटणकरसाहेब बुटके. झाड बुंध्याशी जाड आणि वर निमुळतं, त्यामुळे साहेबांनी मोजलेली झाडं लठ्ठ निघत आणि माझी सडपातळ. घाटकोपरचा एक वड सोमवारी साहेबांनी मोजला आणि शुक्रवारी मी. मधल्या दिवसांत तो इतका उतरला की सोसायटीतल्या बायका त्याच्याकडे असूयेनं बघायला लागल्या.

धंदा साधा आहे. जुनी इमारत पाडून नवी बांधायची किंवा मोकळ्या जागेवर टॉवर उभा करायचा, तर परवानगी लागते. परवानगीच्या आधी त्या जागेवर काय काय जिवंत आहे, हे कुणीतरी बघून यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. प्रत्येक झाडावर रंगानं नंबर टाकायचा, जात लिहायची, घेर, उंची, तब्येत लिहायची आणि पुढे त्याचं काय करायचं तेही: ठेवायचं, तोडायचं, की मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं. जागा डोंगराजवळ किंवा खाडीजवळ असली तर पक्षी आणि जनावरंही लिहायची. बिल्डरला वाटतं आम्ही झाडं वाचवणाऱ्यांचे हेर, झाडं वाचवणाऱ्यांना वाटतं आम्ही बिल्डरचे. कावळ्यांना मात्र आम्ही कुणाचेही असलो तरी टोचायचंच असतं.

या धंद्यात माझं नाव आहे, आणि ते खोटारडा म्हणून नाही. मी वाढवून सांगतो. दोहोंत फरक आहे. आरेत बिबट्या माझ्या मागे लागला होता हे खरं. मी पवईपर्यंत पळालो आणि बिबट्या अर्ध्या वाटेत दमून बसला, हे वाढवलेलं. "मागच्या वर्षी मरोळपर्यंतच पळाला होतात," असं बायको पाहुण्यांसमोर म्हणते. मी म्हणतो, सरावानं अंतर वाढतं.

माझ्या याच गुणामुळे पाटणकरसाहेबांनी ऑफिसात एक नियम केला होता. एकानं अनुभवलं ती गोष्ट, दोघांनी अनुभवलं ती नोंद. पक्षी असो, साप असो, आवाज असो की वास, अहवालात घालायचा तर दोन माणसांची साक्ष पाहिजे. नियम सगळ्यांना लागू होता, पण तो वाचून दाखवताना साहेब माझ्याकडे बघत होते.

आणि नोंदच नसली तर? तर एक तयार परिच्छेद होता. कावळा, चिमणी, कबुतर, साळुंकी, खार, पाल. प्रत्येक अहवालात तोच चिकटवायचा. एकदा कुणीतरी कोकण किनाऱ्यावरच्या कामातला परिच्छेद उचलून अंधेरीच्या एमआयडीसीतल्या प्लॉटला चिकटवला. कारखान्यांच्या मधोमध समुद्री कासव. तो कागद कितीतरी टेबलांवरून फिरून, सह्या घेऊन परत आला. कासवाला कुणीही हटकलं नाही.

तर असा मी, असा आमचा नियम आणि असं आमचं कासव, एवढी तयारी घेऊन मी मुलुंडच्या टिपणीसबाईंच्या आवारात शिरलो.

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची जुनी तीन मजली सोसायटी. आवारात आंबा, फणस, चिकू आणि एक भेरली माड, ज्याची फळं जटांसारखी लोंबतात. पुनर्विकासाची बोलणी पक्की होत आली होती. मी चिकूवर नंबर रंगवत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो झाडवाले, तुम्ही फक्त झाडंच मोजता का?"

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक उंच, किडकिडीत बाई उभ्या होत्या. आयुष्यभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज. याच टिपणीसबाई, विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, हे नंतर कळलं.

"जिवंत असेल ते सगळं मोजतो, बाई."

"मग वर या. माझ्या समोरच्या घरात एक मेलेली बाई रोज भात लावते, असं माझं म्हणणं आहे असं लोकांचं म्हणणं आहे. एकदा तुम्हीच बघा."

अशा निमंत्रणाला नाही म्हणणारा माणूस वेगळा. मी ब्रश चिकूच्या बुंध्याशी ठेवून दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो.

समोरचं घर कुसुमताईंचं. दोघी आयुष्यभर शेजारी, दारं उघडीच. कुसुमताई रोज तिन्हीसांजेला आंबेमोहोर लावायच्या, त्याचा वास जिन्यात पसरायचा. त्या गेल्या. मुलगा अमेरिकेत, घराला कुलूप, गॅस बंद. आणि अलीकडे दोनेक वर्षं तिन्हीसांज झाली की त्या बंद दाराच्या बाजूनं ताज्या आंबेमोहोराचा वास यायचा. बाईंनी हे सरळ मनानं सेक्रेटरी गावड्यांना सांगितलं. गावडे वर आले, हुंगलं, आणि सभेच्या इतिवृत्तात लिहितात तशा भाषेत म्हणाले, "सदर वास कोणत्याही सभासदास येत नाही." मग गोरेगावहून बाईंचा मुलगा शिरीष आला. रविवारी भर दुपारी आला, हुंगलं, काही नाही.

"तेव्हापासून लोक माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागले," बाई म्हणाल्या. "जसं काही मी परदेशी आहे."

"तुम्हाला काय वाटतं? कुसुमताई?"

"मी विज्ञान शिकवलंय. भूत मी मानत नाही. पण माझ्या नाकालाही खोटं पाडणार नाही. दोन्ही सांभाळणारं उत्तर पाहिजे मला."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. पुनर्विकासाच्या संमतीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त बाईंची राहिली होती. सही करायला त्यांची हरकत नव्हती. घर जुनं झालं होतं आणि गुडघेही. पण शिरीषनं मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. आईला नसलेले वास येतात, असं एकदा डॉक्टरनं लिहून दिलं की तिच्या वतीनं तोच सही करणार आणि तिला गोरेगावला घेऊन जाणार.

"मुलगा वाईट नाही हो," बाई म्हणाल्या. "काळजी करतो. पण त्या काळजीत एकदा शिरले की मी काय खायचं आणि कधी झोपायचं हेही तोच ठरवेल. मला सही माझ्या हातानं करायचीय, शहाणी म्हणून करायचीय. रविवारी सभा आहे. त्याआधी मला सांगा, तो भात कोण लावतं?"

संध्याकाळी आम्ही जिन्याच्या माथ्यावर दोन खुर्च्या टाकून बसलो. मी मधल्या वेळात नाक्यावर दोन वडापाव हाणले होते, लसणाची चटणी मागून घेऊन. अंधारून आलं. बाईंनी मान वर केली.

"आला."

मी असा श्वास ओढला की जिन्यातली जळमटं माझ्याकडे झुकली. लसूण. फक्त लसूण. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची आत नेऊन ठेवली. मला कुणी खोटं म्हटलं तर फरक पडत नाही, सवय आहे. पण त्या खुर्चीचा आवाज मला सहन झाला नाही. "उद्या परत येतो," मी म्हणालो. "उपाशी."

दुसऱ्या संध्याकाळी तो आला. पातेल्यावरचं झाकण आत्ता उचललंय असा, ओला, गोडसर, वाफेचा वास. कुलूपबंद दाराच्या वरच्या बाजूनं. माझं पोट इतक्या मोठ्यानं गुरगुरलं की बाईंनीच विचारलं, "बिबट्या?"

"बाई, आला."

त्यांनी डोळे पुसले, तेही चष्मा पुसतेय असं दाखवून.

आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. बोरिवलीच्या वरच्या जंगलात आम्ही पक्षी मोजायला गेलो होतो. दिवेलागणीला शिजलेल्या भाताचा वास आला. आम्ही सगळे भुकेले. कुणाची तरी झोपडी असेल, बोलावतील जेवायला, म्हणून वासामागे गेलो, आणि जाऊन पोचलो एका झाडाखाली. वर फांदीवर एका जनावराची शेपटी. ही गोष्ट मी लग्नांत, बारशांत, सरकारी रांगेत, कुठे कुठे सांगितली होती, आणि एकानंही मानली नव्हती. त्याला कारणही होतं. दर वेळी मी तिच्यात काहीतरी वाढत गेलो होतो.

बाईंना सांगितली. त्यांनी पेपर तपासावा तशी ऐकली.

"भाताबरोबर लिंबाच्या लोणच्याचा वास आला म्हणालात. तो खरा?"

"नाही, बाई."

"भाजलेला पापड?"

"नाही."

"त्या जनावरानं तुम्हाला या बसा म्हटल्यासारखी मान हलवली, ते?"

"ते तर अजिबात नाही."

"आणि भात?"

मला खरंच थांबून विचार करावा लागला. इतकी वर्षं मीच त्या गोष्टीवर इतके थर दिले होते की खाली मूळ भिंत आहे की नाही, हे मलाच कळेना. मग तो अंधार आठवला, आणि बरोबरच्या माणसानं "कुणीतरी भात टाकलाय" म्हटलेलं आठवलं.

"भात खरा होता, बाई."

"मग गच्चीवर चला," त्या उठल्या. गुडघे विसरून.

गच्चीच्या कठड्यावर, आंब्याची फांदी टेकते नेमकं तिथेच, विष्ठेचे वाळलेले ढीग होते. आमच्या धंद्यात विष्ठा दिसली की माणसं पेढे वाटायच्या बेतात येतात. मी काडीनं उकरून पाहिलं. चिकूच्या बिया, भेरली माडाच्या बिया, अख्ख्या, न पचलेल्या. रोज एकाच ठरलेल्या जागी येऊन बसणारं, फळं खाणारं जनावर.

"कांडेचोर," मी म्हणालो. "उदमांजर म्हणतात कुणी. मांजराएवढं, लांब शेपटीचं. दिवसभर झोपतं, तिन्हीसांजेला उठतं आणि शेपटीखालून वास सोडून आपली हद्द आखतं."

"आणि तो वास भाताचा?"

"आंबेमोहोराचा. म्हणतात की दोन्हींत द्रव्य एकच असतं."

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, यांना आता वाईट वाटणार. कुसुमताईंचा उरलासुरला वास एका जनावराच्या शेपटीखालून निघाला. पण त्या हसायला लागल्या. "कुसुमला सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "तिनं एक आठवडा भात केला नसता."

कुसुमताईंच्या स्वयंपाकघराचा झरोका गच्चीच्या खालीच फुटलेला होता. आत माळा. कांडेचोराचं बिऱ्हाड तिथे. मी गच्चीच्या नळाला कॅमेरा बांधला. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, जो आम्ही डोंगरात बिबट्यासाठी लावतो.

दोन-तीन दिवसांनी फोटो उतरवून घेतले. आधी कावळा, अगदी जवळून, आधार कार्डावर असतो तसा. मग कबुतरं. मग वाळत घातलेला टॉवेल. आणि मग, लुंगी नेसलेला एक प्राणी. मान वर, डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, चेहऱ्यावर देवळात असतो तसा भाव. सेक्रेटरी गावडे. दुसऱ्या तिन्हीसांजेलाही तेच, तसेच. त्यानंतरच्या फोटोत कठड्यावरून चाललेली कांडेचोर मादी, आणि तिच्या मागे तिची पिल्लं.

मादीचे फोटो बाईंना दाखवले. गावड्यांचे नाही दाखवले. ज्यानं निरीक्षण केलं त्याचा फोटो अहवालात घालायची आमच्यात पद्धत नाही.

रविवारी आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. बिल्डरचा माणूस फाईल घेऊन आला होता. शिरीष आईच्या शेजारी बसला होता, तिच्या खांद्यावर हात ठेवून, जणू ती पडणारच आहे. मी झाडांची यादी वाचली, मग मादीचा फोटो फिरवला. "बिबट्याचं पिल्लू आहे का?" "नाही हो, मुंगूस असेल." जनावर आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं. मी वासाचं सांगितलं.

शिरीष सभ्यपणे उठला. "काका, प्राणी आहे हे ठीक. पण जनावराला भाताचा वास? मघाशी चहा पिताना तुम्ही बिबट्यापुढे पवईपर्यंत पळाल्याचंही सांगितलंत." लोक हसले. मीही हसलो असतो, विनोद चांगला होता. पण बाई समोर बघत बसल्या होत्या, आणि खांद्यावरचा हात त्यांनी अजून झटकला नव्हता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "म्हणूनच आमच्या ऑफिसात नियम आहे. एकाला आलेला वास ही गोष्ट, दोघांना आला तर नोंद. एक नाक माझं, ते तुम्ही मानत नाही. दुसरं बाईंचं, त्यावर वाद आहे. तेव्हा आणखी एक लागेल. आहे का कुणाचं?"

आणि मी आंब्याकडे बघायला लागलो. मग फणसाकडे. मग माझ्या चपलांकडे. गावडे सोडून सगळीकडे. जनावर आपणहून बाहेर यावं असं वाटत असेल तर त्याच्याकडे बघायचं नसतं, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण.

मग खुर्ची सरकली.

"सदर वास..." गावडे उभे राहिले, आणि थांबले. त्यांनी इतिवृत्ताची भाषा खाली ठेवली ती तिथेच. "माका पण येता."

"काय?" शिरीष म्हणाला.

"दोन वर्सां येता. बायलेकसुद्धा सांगूक नाय. माझी म्हातारी आवस गेली, तेच्या मागसून येवक लागलो. माका वाटला, माझीच टकली फिरली." ते बाईंकडे वळले. "म्हणान तुमका नाय म्हटलंय. तुमका हो म्हटलंय असतंय तर माझा पण उघडा पडला असता."

गावडेवहिनी मागच्या रांगेतून म्हणाल्या, "म्हणान तुमी रोज टाकी बघूक वर जाता?"

पहिल्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "येतो ना वास. मला वाटायचं गावडेवहिनी भात लावतात."

"आमच्याकडे उकडा तांदूळ," वहिनी म्हणाल्या. "त्येचो असो वास येता?"

मग एकेकाचं नाक बाहेर यायला लागलं. कुणाला वाटलं होतं शेजारचा कुकर, कुणाला वाटलं आपण भुकेलेलो आहोत, एकाला वाटलं गोळ्यांचा परिणाम. अख्खी इमारत दोन वर्षं एकच वास घेत होती, आणि बोलल्या होत्या एकट्या टिपणीसबाई.

शिरीष फोन घेऊन बाजूला गेला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते. "आई, डॉक्टरची वेळ रद्द केली."

"रद्द कशाला?" बाई म्हणाल्या. "घेतलीच आहेस तर तुझं नाक दाखवून ये."

मग त्यांनी बिल्डरच्या माणसाकडून पेन मागून घेतलं, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, त्यातली एक चूक दाखवली, आणि सही केली. अट एकच घातली. पिल्लं मोठी होऊन मादी त्यांना घेऊन जाईपर्यंत तो माळा कुणी उघडायचा नाही. बिल्डरचा माणूस कुरकुरला. पण आता सगळी इमारत त्या बिऱ्हाडाची नातेवाईक झाली होती.

अहवालात मी लिहिलं: कांडेचोर, मादी, पिल्लांसह. वास: आंबेमोहोर. निरीक्षक म्हणून माझं नाव, त्याखाली टिपणीसबाईंचं, त्याखाली गावड्यांचं. माझ्या नोकरीतला हा एकच परिच्छेद, ज्यात मी काहीही वाढवलं नाही, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला तोच थाप वाटतो. पाटणकरसाहेबांना मात्र तो फार आवडला. इतका की त्यांनी तो तयार परिच्छेदात घातला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक अहवालात कांडेचोर आहे, अंधेरीच्या काचेच्या इमारतीतसुद्धा. कासवाला सोबत झाली.

झाडांचं तेवढं बरं झालं नाही. आंबा गेला. चिकू मुळासकट उचलून दुसऱ्या प्लॉटवर लावला, आणि तो उभ्या उभ्या वाळला. मी बघायला गेलो होतो. पानं एकही नव्हती, माझा नंबर मात्र ताजा होता. तो रंग चांगल्या प्रतीचा असतो. कांडेचोराची मादी पिल्लं घेऊन डोंगराच्या बाजूच्या सोसायटीत गेली असावी, असा माझा अंदाज आहे. तिथले लोक सध्या एकमेकांना काही सांगत नाहीत.

बाईंनी नवं घर होईपर्यंत बोरिवलीला अकराव्या मजल्यावर भाड्यानं जागा घेतली. गोरेगावला नाही. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वास येतोय. या."

"बाई, अकराव्या मजल्यावर?"

"मला एकटीला आलाय. अजून गोष्टच आहे ती. नोंद करायला या."

मी गेलो. उपाशीच. पॅसेजमध्ये दोघं उभे राहिलो, दारं सगळी बंद, माणूस दिसत नव्हतं. मी मान वर करून ओढला. भात होताच. पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं.

"बाई, यात तूप आहे. कांडेचोर तूप घालत नाही."

"ते मलाही कळलं," त्या म्हणाल्या. "इथे येऊन इतके दिवस झाले, समोर कोण राहतं मला माहीत नाही. एकटीनं बेल वाजवून काय सांगायचं?"

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी बेल दाबली. दार उघडलं ते एका नव्या लग्नाच्या मुलीनं. हातात डाव, त्याला चिकटलेली शितं, तोंडावर प्रश्न.

टिपणीसबाई ताठ उभ्या राहिल्या. "आम्ही सर्वेक्षणाला आलोय," त्या म्हणाल्या. "तांदूळ कोणता?"